भजी काळी करणारी रेकॉर्ड

माय,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तू होतीस तेव्हा गरज पडली नाही, आणि पडली असती तरी ते तुला वाचून दाखवायला मलाच घरी यावं लागलं असतं. तू गेल्याला आता इतकी वर्षं झाली की शहाद्याला स्टँडसमोर आपलं हॉटेल होतं असं सांगितलं तर नवी माणसं नुसती मान हलवतात. आज लिहायला बसले त्याला कारण आहे. माझी मैत्रीण, नदीकाठच्या गुजर घरातली, मामाकडे राहून माझ्याबरोबर शाळा शिकलेली, जिला तू अर्धी आपल्याच चुलीपाशी वाढवलीस, ती आता मुलाकडे सुरतेला कायमची राहायला निघाली आहे. तिचा दुपारी फोन आला. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर करतो तसं आम्ही सरत्या वर्षातली आवडलेली गाणी निवडायला घेतली. तिनं एक म्हणावं, मी नाक मुरडावं, मी दुसरं म्हणावं, तिनं हसावं. पिकल्या केसांनीही भांडण तेच आहे. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "मायनं गानं आयकाले कव्हय येशी?" मी सवयीनं म्हटलं, येते पुढच्या दिवाळीला. ती म्हणाली, "पुढली दिवाळीले मी सुरतले शे." फोन ठेवला, चहा केला, तो तसाच निवला. तुझं ते गाणं तिच्यापाशी आहे आणि माझ्यापाशी नाही, ही गोष्ट मला आता पहिल्यापासून नीट मांडायची आहे. आज मी माघार घेणार नाही.

तुझा स्वयंपाकघराचा भाग हॉटेलच्या मागे. मध्ये जाड भिंत, आणि तिच्यात ताट सरकवण्यापुरती एक खिडकी, तिला पोत्याचा पडदा. तिकडे चूल, तेलाची कढई, भज्यांचं पीठ आणि तू. इकडे आबा, बाकडी, खुर्च्या, गल्ला आणि कोपऱ्यातल्या उंच मेजावर चावीचा फोनो. आतून बाहेर यायला दारच नव्हतं. तुझं दार मागच्या बोळात उघडायचं. हॉटेलच्या पुढच्या भागात तू कधी आली नव्हतीस. कोणी तसं बजावलं होतं असं नाही, पण कोणी ये असंही म्हटलं नव्हतं, आणि आपल्याकडे न म्हटलेलं जास्त पक्कं असतं. आबांनी फोनो घेतला तो गिऱ्हाईक बसून राहावं म्हणून. एस.टी. तेव्हा नवी होती, गाडी कधी लागेल याचा नेम नसायचा, आणि गाणं लागलं की माणूस आणखी एक चहा घ्यायचा. धुळ्याला माल आणायला गेले की आबा एखादी नवी रेकॉर्ड गोणपाटात गुंडाळून आणायचे. गाडीच्या टपावर ठेवली तर उन्हानं वाकते म्हणून मांडीवर धरून आणायचे. मला त्यांनी एवढ्या जपून कधी आणल्याचं आठवत नाही.

रेकॉर्डींची निगा आम्हा दोघींकडे. शाळा सुटली की फडक्यानं पुसायच्या, चावी द्यायची, पिन बदलायची. वर्षभर हॉटेलात वाजून वाजून निम्म्या रेकॉर्डी पापड तळल्यासारख्या चरचरायला लागायच्या. म्हणून दिवाळीआधी निवड व्हायची. वर्षभरात आलेल्यांपैकी चांगल्या लाकडी पेटीत राहायच्या, उरलेल्या लग्नात भोंगा लावणारा एक जण घेऊन जायचा आणि बदल्यात एखादी त्याच्याकडची द्यायचा. निवड आम्हीच करायचो. आबांना गाण्यातलं फार कळत नव्हतं, त्यांना गिऱ्हाइकाची मान डोललेली कळायची. मैत्रिणीला लावण्या आवडायच्या, मला सावकाश चालीची भावगीतं, आणि आमचं कशावर एकमत व्हायचं नाही. मग तिनंच एक दिवस कसोटी शोधली. तिच्या लक्षात आलं की काही रेकॉर्डी लागल्या की खिडकीतून येणारी भजी काळी येतात. आबा पडद्यातून तोंड आत घालून म्हणायचे, "आज बी भजी करपी गयी व?" आणि तू नवा घाणा सोडायचीस. आम्ही पुसायचं फडकं तोंडात कोंबून हसायचो. तेव्हापासून आमचा नियम ठरला. दोघींचं जमलं नाही तर भजी काळी करणारी रेकॉर्ड पेटीत. तुला न सांगता आम्ही तुला पंच नेमलं होतं.

त्या वर्षी एका रेकॉर्डनं कहर केला. बाईचा आवाज, मागे पेटी आणि तबला, चाल अगदी शांत. ती लागली की घाण्यामागून घाणा वाया. एका ड्रायव्हरनं तर आबांना विचारलं, की तुमच्याकडे कोळशाची भजी मिळतात का. आणि त्याच वर्षी आबांनी जाहीर केलं की दिवाळीला बॅटरीवरचा रेडिओ येणार, फोनो आणि सगळ्या रेकॉर्डी भोंगेवाल्याला जाणार. घरात ठेवायला आवडतील त्या चारदोन काढून घ्या, बाकी बांधा. मैत्रिणीनं लगेच निवडायला घेतलं. माझं मात्र डोकं फिरलं. मला एवढंच दिसत होतं की इतकी वर्षं तुझ्या भिंतीपलीकडे हा फोनो वाजला आणि तू एकदाही त्याच्यासमोर बसली नाहीस, आणि आता तो जाणार. एकदा गेला की तू कधीच बसणार नाहीस. मी ठरवलं की माझी माय हॉटेलात खुर्चीवर बसेल, भर दिवसा, आणि तिची ती रेकॉर्ड समोर बसून ऐकेल. त्याशिवाय फोनो इथून हलणार नाही.

आबांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. मग मी हसत नाही हे पाहून म्हणाले, "बाया आठे बठन्यात ते गिऱ्हाईक कथा बठी?" मैत्रीण म्हणाली, "खुर्च्या शेतस ना इतल्या." आबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती एक पाऊल मागे सरली, पण निघून गेली नाही. तुला विचारायला आलो तर तू पीठ कालवत होतीस. वरही पाहिलं नाहीस. "मी कसाले बठू तठे? तेल कोन दखी?" मैत्रीण म्हणाली, "मी दखसू." तू म्हणालीस, तुला भजी सोडता येतात का? ती म्हणाली, करपवायला काय लागतं, तुमचं बघून शिकले. तू तिच्या पाठीत पिठाच्या हाताची एक चापट मारलीस. तिच्या शाळेच्या झंपरावर तुझा पंजा उमटला, तो घेऊनच ती मामाकडे गेली. तू नाही म्हणालीस असं आबांनी धरलं. मी तसं धरलं नाही. तू तेलाचं कारण दिलं होतंस, आणि तेलाचा बंदोबस्त झाला होता.

मग आम्ही पिनांची डबी लपवली. पिन नाही तर गाणं नाही, आणि पिना मिळायच्या धुळ्याला. दुसऱ्या दिवशी बाजार होता. सातपुड्यातून माणसं उतरलेली, केळीच्या गाड्या आलेल्या, स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही, आणि आपलं हॉटेल मुकं. पलीकडच्या हॉटेलात नुसती गल्ल्यावरची घंटी वाजत होती तरी लोक तिकडे वळत होते. आबांनी मेजाचे खण उपसले, गल्ला उलटा केला, शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "पिना कथा शेतस?" मी म्हटलं, "माय खुर्चीवर बठी तव्हय भेटतीन." आबांनी मला कधी मारलं नव्हतं, त्या दिवशी मारतील असं वाटलं. पण ते परत गल्ल्यावर जाऊन बसले. डबी तुझ्याच स्वयंपाकघरात होती, तांदळाच्या डब्यात, वरच्यावर. तू त्या दिवशी त्या डब्यातून तांदूळ काढलेस, मी पाहिलं. डबी तुझ्या हाताला लागली नाही असं होणारच नाही. तू झाकण लावलंस आणि डबी तिथंच राहू दिलीस. मला तेव्हाच कळलं की आपण जिंकणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, आबा बोळातून मागच्या दारी आले. "चाल व, बठ घडीभर. या पोरी काही आयकतस नही." तू हात धुतलेस, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "तुमना सांगावर नही. या पोरीस्नासाठे उठी ऱ्हायनू." मैत्रीण चुलीपाशी बसली. तू बोळातून निघालीस, मी तुझ्यामागे. आतून दार असतं तर दोन पावलांचं काम होतं, पण तुला बोळ, मग कोपऱ्यावरचं पानाचं दुकान, मग सगळा रस्ता चालून समोरून यावं लागलं. पानवाला हातातलं पान तसंच धरून पाहत राहिला. तू पाहत नव्हतीस, सरळ चालत होतीस. हॉटेलात एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर बसलेले, आणि एक म्हातारे शेतकरी. म्हातारे उठून बाहेर गेले. आबांचा चेहरा पडला. कंडक्टरनं मात्र पायानं एक खुर्ची पुढे सरकवली आणि पुन्हा बशीतला चहा प्यायला लागला. तू खुर्चीच्या कडेवर बसलीस. मी म्हटलं, माय, नीट टेकून बस. तू टेकलीस.

मी नवी पिन लावते. चावी पूर्ण देते. ती रेकॉर्ड ठेवते आणि तुझ्या तोंडाकडे बघत उभी राहते. बाई गायला लागते. तू हात मांडीवर ठेवून ऐकते आहेस, मान हलत नाही, डोळे फोनोच्या गोल फिरणाऱ्या भागावर. मागे कढईत भजी पडल्याचा आवाज येतो, मैत्रीणही कान लावून आहे. रेकॉर्ड संपते, पिन घासायला लागते, मी ती उचलते. तू म्हणतेस, "हाई ते नही." मला वाटतं चुकीची लावली. बघते तर तीच. "हाईच शे, माय." पुन्हा लावते. तू पुन्हा सगळी ऐकतेस, या वेळी कपाळाला आठी घालून. मग म्हणतेस, "मंग मन्हं दुसरं व्हतं." आबा विचारतात, काय दुसरं? तू त्यांना नाही, मला सांगतेस. "चूल, तेल, कपबशा. सबद कथा येतस भितीमाईन? चाल येस, ठेका येस. सबद मीच घालेल शेतस." आणि थोडं थांबून, अगदी साधेपणानं, पीठ कमी पडलं असं सांगावं तसं, "मन्हं बेस व्हतं."

कंडक्टर फसकन हसला. त्याच्यात वाईट काही नव्हतं, त्याला आवडलं होतं. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. आबांशी वैर घेतलं, बाजाराचा दिवस बुडवला, तुला सगळ्या रस्त्यातून आणलं, आणि तू म्हणतेस तुझ्या शब्दांचं तुझंच चांगलं होतं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. आबांना म्हणालीस, "मले बी चहा द्या. कपमा." आबांनी गिऱ्हाइकाच्या कपात, गिऱ्हाइकाच्या बशीत तुला चहा दिला. तू तो स्टँडकडे बघत प्यायलीस. समोर एक गाडी धूर सोडत निघाली. तू विचारलंस, "खापरनी मोटार हाई शे का?" ड्रायव्हर म्हणाला, हो, बहीण, खापर गावाचीच. तू म्हणालीस की आवाजावरून मला वाटलंच होतं, फक्त रंग लाल असेल असं वाटलं नव्हतं. मग कप ठेवलास आणि आलीस तशी रस्त्यानं, बोळातनं मागे गेलीस.

संध्याकाळी मी आणि मैत्रीण निवड करायला बसलो. मी ती रेकॉर्ड भोंगेवाल्याच्या ढिगावर आपटली. नशीब, फुटली नाही. मैत्रीण म्हणाली, "वरीसनं सगळास्मा बेस गानं तुन्ही मायनं शे." मी म्हटलं ते कुठं रेकॉर्डवर आहे. ती म्हणाली, "ते नही म्हनीसन काय व्हयनं?" मी तिच्याकडे पाठ फिरवली. माझ्या आवडीच्या काढून घेतल्या, तिनं तिच्या काढल्या, आणि चार दिवसांनी फोनो बैलगाडीतून गेला.

दिवाळीनंतर रेडिओ आला आणि त्यावर सारखे बाजारभाव लागायला लागले. एका दुपारी पाहते तर तू पुन्हा समोरून आलेलीस, त्याच खुर्चीवर बसलेलीस, टेकून. मी विचारलं, आता गाणं कुठं आहे? तू म्हणालीस, "गानं आयकाले नही उनू. मोटारी दखाले उनू." तेव्हापासून रोज दुपारी तू घटकाभर यायचीस. काकांनी घरी येऊन आबांना चार शब्द सुनावले, आबांनी ते ऐकून घेतले आणि तुला काही सांगितलं नाही. मग एक दिवस कडेवर पोर घेतलेली एक बाई बाहेर उन्हात उभी होती. तिनं तुला आत बसलेलं पाहिलं आणि उंबऱ्याशी येऊन विचारलं, "आठे बठू का, बहिन?" तू म्हणालीस, "बठा ना." तिच्यामागून दुसरी आली. गाडीची वाट बघत बायांनी स्टँडच्या भिंतीला टेकून उन्हात उभं राहायचं, हाच तोवर शहाद्याचा रिवाज होता. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आबांनी एक बाकडं वेगळं करून घेतलं होतं आणि गिऱ्हाईक कमी झालं असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. उठून गेलेले म्हातारेसुद्धा परत आले. सूनबाईला घेऊन आले.

मी पुढे शिकले, नवापूरकडे शाळेत लागले, आणि आयुष्यभर जे जे हट्टानं केलं ते त्या खुर्चीच्या जोरावर केलं. माझी बदली अडवायला निघालेल्यांना मी पुरून उरले, मुलींच्या शाळेला दार आणि खिडक्या मागत ऑफिसात दिवसचे दिवस बसले. लोक म्हणायचे, बाईंना नाही म्हणून चालत नाही. खरं आहे. तुला खुर्चीवर बसवलं होतं, मग हे साहेब काय चीज.

तू गेल्यानंतर, तेराव्याचं सगळं आटोपल्यावर, मैत्रिणीनं मला सांगितलं. त्या दिवशी तू चहा पिऊन मागे आलीस, तेव्हा ती चुलीपाशीच होती. तिनं तुला सरळ विचारलं, "तुन्हं कसं व्हतं, माय?" आणि तू भजी काढता काढता तिला ते म्हणून दाखवलंस. सगळं. तिनं पुन्हा विचारलं, तू पुन्हा म्हटलंस. मी तिला म्हटलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तू इचारंच नही." खरंच नाही विचारलं. तुला बसवायच्या नादात मी होते, तू काय ऐकत होतीस हे तिनं विचारलं. तेव्हापासून दर दिवाळीला आमची निवड झाली की ती म्हणते, ये, म्हणून दाखवते. आणि मी, जिला कोणी अडवू शकत नाही असं सगळे म्हणतात, काही ना काही कारण काढते. पाय दुखतोय. पाहुणे आहेत. पुढच्या दिवाळीला.

उद्या सकाळच्या गाडीनं मी तिच्याकडे निघणार आहे. तिला कळवलेलं नाही, कळवलं तर मला परत फिरायला वाट राहील. सामान बांधलेल्या खोलीत, मिळेल त्या ट्रंकेवर बसेन आणि म्हणेन, म्हण. तिचा आवाज आता चिरका झाला आहे, तिला मध्ये मध्ये खोकला येतो. ते चालेल. हे कागद मी कपाटात साड्यांखाली ठेवणार आहे, ते कुठं पाठवायचे नाहीत. तुला वाचून दाखवायलाही मीच लागेन.

एवढं लिहिलं तर हेही लिहिते. मी इतकी वर्षं गेले नाही ते पायांमुळे नाही. मला भीती आहे, माय, की तुझं गाणं त्या रेकॉर्डपेक्षा बेस नसेल.

नसलं तरी मी ते दोनदा म्हणायला लावणार आहे.